पद्मिनीचे पार्ट घ्यायला निघालात? जुना तुकडा पिशवीत टाका

जुनी गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात माणूस दोन चुका करतो. उत्साहाच्या भरात गाडी पार मोकळी करतो, आणि निघालेला सडका-गंजका माल भंगारवाल्याला देऊन टाकतो. पहिली चूक निस्तरता येते. फार तर गाडी वर्षभर विटांवर उभी राहते. दुसरी निस्तरत नाही. नवा पार्ट बरोबर आहे की नाही हे ओळखायचं तुमच्याकडे एकच साधन असतं: तो जुना, तुटका, तेलकट तुकडा. मी माझ्या गाडीच्या मागच्या काचेचं रबर असंच देऊन मोकळा झालो होतो. त्यानंतर तीन रबरं विकत घेतली. तिन्हींच्या पुड्यांवर पद्मिनीचंच नाव होतं, आणि तिन्हींचा छेद, म्हणजे आडवं कापल्यावर दिसणारा आकार, वेगवेगळा होता. त्यातलं एक शेवटी बसलं, पण काच बसवणाऱ्या कारागिराच्या शिव्या खाऊन.

हा लेख प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्या आधीची फियाट 1100 डिलाइट पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे जुन्या गाडीचा नाद बहुतेकांना याच गाडीपासून लागतो. आजोबांची नाहीतर शेजाऱ्यांची, कोणाची तरी होतीच. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली, आणि या शतकाच्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे आज तुम्ही जो 'नवा' पार्ट घेता, तो एकतर वीस-पंचवीस वर्षं गोदामात पडून राहिलेला असतो, किंवा दुसऱ्या कोणीतरी नंतर बनवलेला. तिसरा प्रकार नाही.

आधी आपली गाडी नेमकी कोणती ते ठरवा

काउंटरवरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "मॉडेल कुठलं?" त्याला "पद्मिनी" एवढंच उत्तर दिलंत तर तो हाताला लागेल ते समोर ठेवेल.

1954 पासून इथे आलेली गोलमटोल 1100 म्हणजे आपली 'डुक्कर फियाट'. तिचा पत्रा आणि पद्मिनीचा पत्रा यांचा संबंध नाही. 1964 मध्ये आली ती 1100 डिलाइट. तिचंच नाव मध्ये थोडा काळ प्रेसिडेंट झालं आणि 1974 पासून पद्मिनी. ढाचा तोच राहिला, पण आतल्या गोष्टी बदलत गेल्या. सुरुवातीच्या डिलाइटची पुढची दारं उलटी उघडतात, त्यामुळे बिजागरी, लॉक, दाराचं रबर सगळं वेगळं. बहुतेक गाड्यांचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पण शेवटच्या काळातल्या एस-1 मध्ये तो खाली आला. जुन्यांना डायनामो, नंतरच्यांना अल्टरनेटर. डिझेल पद्मिनीचं इंजिनच परकं, तेव्हा तिचे माउंटिंग, रेडिएटर, सायलेन्सर पेट्रोलवालीला घ्यायचे नाहीत. आणि 118 एनई ही प्रीमियरचीच असली तरी वेगळी गाडी आहे. तिचा पार्ट 'थोडं घासलं की बसतो' असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून पुढे निघा.

आरसी बुकावरच्या वर्षावरही विसंबून राहू नका. पन्नास वर्षांत या गाड्यांनी एकमेकींचे अवयव इतके वापरलेत की कागद एक वर्ष सांगतो आणि गाडी दुसरं. माझ्या गाडीचं बुक सत्तरच्या दशकातलं आहे. डॅशबोर्ड तसाच, पण एक मागचं दार नक्की नव्वदीतल्या गाडीचं. आतल्या बाजूने खरवडलं तर खालून टॅक्सीचा पिवळा निघाला. म्हणून ओळख पार्टनिहाय करा. रविवारची एक सकाळ काढून गाडीखाली, बोनेटमध्ये, दारांच्या खाचांत मोबाइल घाला आणि फोटो काढा. प्रत्येक फोटोत स्टीलची पट्टी दिसली पाहिजे. हे फोटो पुढे दोन वर्षं उपयोगी पडतात.

यादी करा, आणि तिचे तीन ढीग पाडा

नवखा माणूस यादी करतो ती डोळ्यांना दिसणाऱ्या क्रमाने: बंपर, जाळी, मोनोग्राम (गाडीच्या नावाची पट्टी), व्हील कॅप. पैसे तिथेच संपतात, आणि गाडी चकचकीत होऊन ब्रेकशिवाय उभी राहते.

पहिल्या ढिगात जे फसलं तर जीव जाईल ते टाका: ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, किंग पिन (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती पिन), पेट्रोलची नळी, टायर, पुढची काच. या ढिगात नकली माल चालत नाही, आणि 'जुना पण ओरिजनल' हाही बऱ्याचदा चालत नाही. कारण खाली सांगतो. दुसऱ्या ढिगात जे फसलं तर गाडी रस्त्यात उभी राहील किंवा पावसात गळेल ते: रबरं, वॉटर पंप, क्लच, वायरिंग. तिसऱ्यात दिसण्याचं सगळं. खरेदी याच क्रमाने. तिसरा ढीग एक वर्षाने उघडला तरी गाडी रुसत नाही.

या गाडीत एक गंमत आहे. रोज झिजणारे पार्ट अजून बऱ्यापैकी मिळतात, शोभेचे मिळत नाहीत. याला कारण मुंबईची काळी-पिवळी. हजारो टॅक्स्या रोज ब्रेक, क्लच, बुश, पाटे खात होत्या, म्हणून छोट्या कारखान्यांना ते बनवणं परवडत होतं. टॅक्सीवाल्याला ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाशी किंवा क्रोमच्या पट्टीशी देणंघेणं नव्हतं, म्हणून त्यांच्या वाट्याला कोणी गेलंच नाही. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावर अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. ते गिऱ्हाईक गेलं. आता दुकानदार आहे तो माल विकतोय, नवा फारसा भरत नाही. झिजणारे पार्ट आज मिळतायत, तोवर एकेक जोड जास्तीचा घेऊन ठेवा. रबर सोडून.

बाजाराची भाषा

पुण्याच्या नाना पेठेत एका दुकानात झालेला संवाद जसाच्या तसा:

"काका, हा ओरिजनल आहे का?"

"कंपनीचा आहे."

"कुठल्या कंपनीचा?"

"अहो, कंपनीच कुठं राहिलीय आता?"

काका खोटं बोलत नव्हते. 'कंपनीचा' हा शब्द बाजारात चार अर्थांनी फिरतो. प्रीमियरच्या खोक्यातला, कारखान्याला पार्ट पुरवणाऱ्या उत्पादकाच्या खोक्यातला, कुठल्याही नाव असलेल्या कंपनीचा, किंवा नुसताच चांगला. तेव्हा "ओरिजनल आहे का" हा प्रश्न फुकट आहे. त्याऐवजी विचारा: बनवला कोणी? खोकं दाखवता? माल कधी भरलेला?

'जुना स्टॉक' म्हणजे त्या काळी बनलेला पण कधी न वापरलेला. धातूचा असेल तर सोनं, रबराचा असेल तर माती. 'लोकल' म्हणजे कुठल्यातरी गाळ्यात नकलून बनवलेला. यात अतिशय सुबक ते अतिशय भिकार असं सगळं येतं. 'रिकंडिशन' म्हणजे जुनाच, दुरुस्त करून रंग मारलेला. रंगाखाली काय केलंय ते विचारायचं. 'खोललेल्या गाडीचा' म्हणजे भंगारात निघालेल्या गाडीवरून काढलेला. शोभेच्या वस्तूंसाठी माझी पहिली पसंती यालाच. एक पोचा पडलेली खरी जाळी नव्या नकली जाळीपेक्षा लवकर बसते.

खोक्यावर मात्र फार भाळू नका. लुकास-टीव्हीएस, मायको, राणे ही त्या काळची नावं, आणि जुन्या खोक्यांना स्वतःची किंमत आहे. रिकामं खोकं भरता येतं. पार्टवर ओतलेलं किंवा ठोकलेलं चिन्ह आणि खोक्यावरचं चिन्ह जुळतं का ते पाहा. छापलेला कागद नवा आणि स्टेपलची पिन गंजलेली, किंवा उलट, तर सावध.

नकलेची नक्कल लहान का होते

हे एकदा समजलं की अर्धे पैसे वाचतात. साच्यात ओतलेली कोणतीही वस्तू थंड होताना आकसते. धातू साधारण एक-दीड टक्का, रबर दीड ते दोन टक्के. मूळ कारखाना हे धरून साचा थोडा मोठा करतो. पण आपल्या गाळ्यातला कारागीर कारखान्याचं ड्रॉइंग कुठून आणणार? तो एक पार्ट समोर ठेवतो आणि त्याचाच साचा काढतो. साचा पार्टाएवढा, मग त्यातून निघणारा पार्ट त्याहून बारीक. कोणीतरी ती नक्कल विकत घेऊन तिच्यावरून पुढचा साचा काढतो. दोन पिढ्यांत तीन टक्के गेले.

डिकीवरचा मोनोग्राम घ्या. मागे दोन खुंट्या असतात, त्या पत्र्याच्या दोन भोकांत जातात. भोकांतलं अंतर 150 मिलिमीटर असेल, तर दीड टक्क्याने सव्वादोन मिलिमीटरचा फरक पडतो. एक खुंटी बसते, दुसरी कडेवर टेकते. मग माणूस काय करतो? नुकत्याच रंगवलेल्या डिकीत गोल कानस घालून भोक लांबवतो. मी हे केलंय. त्या भोकाच्या कडेला पुढच्याच पावसाळ्यात गंज धरला, आणि मोनोग्रामखालून तांबूस ओघळ आला.

म्हणून साच्यातून येणारी प्रत्येक वस्तू, मग ती मोनोग्राम असो, हँडल, पेडलचं रबर, इंजिन माउंटिंग किंवा दिव्याची रिंग, जुन्याच्या शेजारी ठेवून भोकांमधलं अंतर मोजायचं. बाहेरचा आकार डोळ्याला फसवतो, भोकं फसवत नाहीत.

दुकानात जाताना

पिशवीत जुना पार्ट, व्हर्निअर (बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी), लोहचुंबक, छोटी टॉर्च, वही. सकाळी अकराच्या सुमारास जा, दुकानदाराला बोलायला वेळ असतो. शनिवारी संध्याकाळी गेलात तर तो तुम्हाला वाटेला लावेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

जुना पार्ट आधी काउंटरवर ठेवा, बोलणं नंतर. वजन दोन्ही हातांत तोला. नवा स्पष्ट हलका लागला तर कुठेतरी पत्रा पातळ केलाय किंवा धातू बदललाय. मग व्हर्निअर. भोकं, जाडी, दांड्याचा व्यास. आटे हाताने फिरवून बघा. फियाटचे आटे मिलिमीटरचे, अॅम्बेसेडरचे इंचाचे, आणि गल्ल्यावरच्या डब्यात दोन्ही बोल्ट सुखाने एकत्र नांदतात. दोन-तीन फेरे हाताने बसले आणि मग अडलं, तर पाना लावू नका. तो चुकीचा आटा आहे. तुमच्या इंजिनचं हेड अॅल्युमिनियमचं आहे, त्यातले आटे एकदा गेले की लेथवाल्याचे पाय धरावे लागतात.

पिस्टन, रिंग, बेअरिंग शेल यांची खरेदी मोजमापाआधी कधीही करायची नाही. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटर, पण तुमचा ब्लॉक यापूर्वी किती वेळा बोअर झालाय हे फक्त बोअरिंगवाला सांगू शकतो. आधी त्याच्याकडे ब्लॉक न्या. तो माप लिहून देईल. मग त्या मापाचा ओव्हरसाइझ सेट मिळतो का ते शोधा. मिळाला की सेट बोअरिंगवाल्याच्या हातात द्या आणि सांगा, आता या पिस्टनवर बोअर कर. हा क्रम उलटा झाला की दुर्मिळ पिस्टनचा सेट कपाटात आणि ब्लॉक भलत्याच मापाचा, असं होऊन बसतं.

रबर, ब्रेक, पेट्रोल

इथे थोडं थांबायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि ती कोणी मुद्दाम केलेलीही नसते.

रबर खोक्यात बसूनही म्हातारं होतं. वीस वर्षांपूर्वीची, न फोडलेली, प्लॅस्टिकच्या पुडीतली व्हील सिलिंडरची (चाकातला ब्रेक दाबणारा सिलिंडर) किट बघायला देखणी असते. त्यातला रबरी कप बोटात धरून दुमडा. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या किंवा तो सावकाश, आळसाने पूर्ववत झाला, तर परत द्या. जुन्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच असतं. एका चाकातला चाळीस रुपड्यांचा कप फाटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. सिंहगडावरून उतरताना हे कळू नये.

माझा उपाय सोपा आहे. ब्रेकची रबरं ताजी, नावाच्या उत्पादकाची, बिलासकट घ्यायची. आणि एक कप बळी द्यायचा. व्हर्निअरने व्यास मोजून काचेच्या बाटलीत ब्रेक ऑइलमध्ये टाकायचा, तीन दिवसांनी काढून पुन्हा मोजायचा. चांगल्या कपात नजरेत भरण्यासारखा फरक पडत नाही. चुकीच्या रबराचा फुगून मऊ पडतो. तसंच पेट्रोलच्या नळीचा बोटभर तुकडा पेट्रोलच्या बाटलीत, घराबाहेर, झाकण लावून. ब्रेक ऑइलला चालणारं रबर पेट्रोलला चालत नाही आणि पेट्रोलला चालणारं ब्रेक ऑइलला. गाळ्यात बनवणाऱ्याने हाताशी असलेलं वापरलं असेल तर ते बाटलीत उघडं पडतं. पास झालेला कप गाडीत घालायचा नाही, त्याचं काम झालं.

पेट्रोलही आता बदललंय. पंपावर मिळतं त्यात 20 टक्के इथेनॉल असतं. 1974 च्या नळ्या, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा, बुचाची गॅस्केट हे सगळं त्याच्यासाठी बनलेलं नव्हतं. म्हणून पेट्रोलच्या वाटेतलं रबर 'जुना स्टॉक' कधीच घेऊ नका, कितीही अस्सल असलं तरी. नळी घेताना तिच्या अंगावर 'एसएई जे30 आर9' असं छापलेलं पाहा. ही आजच्या पेट्रोलला टिकते. पंपाचा पडदा आणि कार्बोरेटर किट घेताना इथेनॉलला चालणारं रबर आहे का ते स्पष्ट विचारा. दुकानदार गोंधळला तर उत्तर मिळालं असं समजा.

व्हील सिलिंडर आतून गंजून खड्डे पडले असतील तर नवीन लोकल सिलिंडरपेक्षा जुन्यालाच स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळी) घालून घेणं मला जास्त पटतं. बाहेरचं ओतकाम मूळचं राहतं, मापही राहतं. मात्र काम ब्रेकचं आहे, तेव्हा हे करणारा लेथवाला रोज ब्रेकची कामं करणारा हवा. आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो. ड्रम उघडला की तोंडाने फुंकर मारायची किंवा हवा मारायची सवय आपल्या सगळ्या गॅरेजांत आहे. ती मोडा. ओल्या फडक्याने पुसा.

काच-दारांच्या रबरांत छेद महत्त्वाचा, लांबी नाही. जुन्या रबराचा इंचभर तुकडा ब्लेडने सरळ कापा, त्याच्या तोंडाला शाई लावा, वहीत शिक्का मारा. झाला तुमचा नकाशा. दुकानात नव्याचा शिक्का त्याच्याशेजारी मारायचा. दुकानदार आधी हसतो, मग वही मागून घेतो.

नाव नका सांगू, नंबर सांगा

जे पार्ट गाडीचे नाहीतच, ते गाडीच्या नावाने का घ्यायचे? बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. 6203 म्हणजे आतून 17, बाहेरून 40, रुंदी 12 मिलिमीटर, मग ते पंख्यात असो वा गाडीत. तो नंबर घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा आणि एसकेएफ किंवा एनबीसी कंपनीचं घ्या. ऑइल सीलचंही तसंच: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. हेच पार्ट 'पद्मिनीचे' म्हणून मागितले की भाव चढतो आणि दर्जा उतरतो. बल्ब, फ्यूज, फॅनबेल्ट, होज क्लिप यांनाही हाच न्याय.

क्रोम, पत्रा, काच

बंपर घेताना पुढून बघू नका, उलटा करा. पुढचा आरसा कोणीही चमकवतो. मागच्या बाजूला प्लेटिंग किती पोचलंय, पत्र्याच्या कडा घासल्यात का, ब्रॅकेटची भोकं चौकोनी आहेत की गोल, ते बघा. तांब्याचा थर, त्यावर निकेल, त्यावर क्रोम असं नीट झालेलं काम दमट हवेत टिकतं. नुसत्या पातळ निकेलवर क्रोम मारलेला बंपर कोकणात एक पावसाळा काढतो. स्टेनलेसचे बंपरही मिळतात, चुंबक बहुधा चिकटत नाही. गंजत नाहीत, पण रंग किंचित पिवळट असतो आणि शेजारच्या क्रोमशी जुळत नाही. मला चालत नाहीत. माझ्या भावाला चालतात, आणि त्याची गाडी माझ्यापेक्षा जास्त फिरते.

पत्र्याचे पॅनेल घेताना गेज मोजा. वीस गेज म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर. बावीसचा पत्रा वाकवायला सोपा म्हणून बरेच जण तोच वापरतात, आणि मग फ्लोअरवर पाय ठेवला की डब्यासारखा 'टक्' वाजतो. फायबरचे मडगार्ड हलके असतात, गंजत नाहीत, पण बोल्टच्या भोकाशी तडकतात. पूर्ण पॅनेलऐवजी सडलेला तुकडाच कापून नवा जोडणारा डेंटर मिळाला तर त्याला सोडू नका. असा हात आता कमी उरलाय.

पुढची काच लॅमिनेटेडच घ्या, कोपऱ्यात आयएस 2553 या भारतीय मानकाची खूण हवी. खोललेल्या गाडीची जुनी काच स्वस्त मिळते, पण वायपरच्या रेघांतून रात्री समोरच्या दिव्यांचा उजेड फाकतो आणि काही दिसत नाही.

कुठे शोधायचं

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या आसपासची पार्टांची दुकानं आणि कुर्ल्याला सीएसटी रोडचा जुन्या मालाचा पट्टा. पुण्यात नाना पेठ, आणि नशिबावर विश्वास असेल तर बुधवार-रविवारचा जुना बाजार. महाराष्ट्राबाहेर दिल्लीचं काश्मिरी गेट नव्या मालासाठी आणि मायापुरी भंगारासाठी, चेन्नईचं पुदुपेट, कोलकात्याचं मल्लिक बाजार. यांपैकी कुठेही पहिल्या खेपेला मोठी खरेदी करू नका. एखादी छोटी वस्तू घ्या, चहा प्या, फोन नंबर द्या. जुन्या मालाचे दुकानदार गोदामातलं सगळं काउंटरवर सांगत नाहीत, तिसऱ्या खेपेला सांगतात.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली जागा मात्र यांत नाही. तालुक्याच्या गावातलं एखादं जुनं ऑटोमोबाइल स्टोअर, जिथे नव्वदीत गाडीसाठी भरलेला माल मागच्या फळीवर तसाच आहे आणि मुलाला दुकान मोकळं करायचंय. गावाला जाल तेव्हा विचारत चला.

इटलीतूनही मागवता येतं. 1100 तिकडची मूळ गाडी, आणि तिकडे तिचे शौकीन आहेत. गॅस्केट, छोट्या ट्रिम, काही रबरं यांच्यासाठी ठीक. पण आपली गाडी 1100डी या तिकडच्या मॉडेलची वंशज आहे. तिकडे 1966 मध्ये 1100आर आली, तिला पुढे डिस्क ब्रेक होते. 'फियाट 1100' एवढंच बघून ब्रेकचा सेट मागवलात तर कस्टम ड्युटी भरून शोभेची वस्तू घरी येईल. बंपर-पॅनेल मागवायच्या भानगडीत पडू नका, भाडंच गाडीएवढं होतं.

फोनवरून घेताना

हल्ली अर्धा व्यवहार व्हॉट्सअॅपवरच होतो. इंटरनेटवरून उचललेला फोटो आला तर तिथेच थांबा. पार्ट जमिनीवर ठेवून, शेजारी स्टीलपट्टी आणि आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून पुढून, मागून, कडेने असे तीन फोटो मागा. ज्याच्याकडे माल आहे तो काढून पाठवतो. ज्याच्याकडे नाही तो "आधी अॅडव्हान्स टाका" म्हणतो. मी एकदा टाकला. बारा दिवसांनी डावं दार मागितलं होतं ते उजवं आलं, आणि फोन उचलला गेला नाही. रक्कम मोठी नव्हती म्हणून धडा स्वस्तात पडला.

मोठी ऑर्डर द्यायची असेल तर आधी एकच नग मागवा, बसवून पाहा, मग बाकीचे. 'बसलं नाही तर परत घेणार का' हे बोलून नव्हे, मेसेजवर लिहून घ्या. बिल मागा, पार्टांवर जीएसटी 18 टक्के आहे, तो वाचवायला बिनबिलाचं घेतलंत तर परत करायला तोंड राहत नाही. निदान ब्रेक आणि स्टिअरिंगचं बिल हवंच.

रंगाच्या आधी सगळं बसवून पाहायचं

हा क्रम कोणी सांगत नाही, आणि सगळे चुकतात. पार्ट आला की पुडी न फाडता कपाटात ठेवतात, वर्षभराने रंग झाल्यावर उघडतात. तोवर परत करायची मुदत गेलेली असते. आलेला पार्ट त्याच आठवड्यात गाडीवर लावा. दारं, बोनेट, डिकी, बंपर, जाळी, दिव्यांच्या रिंगा, काचेचं रबर, मोनोग्राम, सगळं कच्च्या पत्र्यावर एकदा चढवायचं. फटी सारख्या करायच्या, भोकं जुळवायची, ठोकायचं ते ठोकायचं. मग सगळं उतरवून, चिठ्ठ्या लावून, रंगाला पाठवायची. पेंटर कुरकुर करतो, कारण त्याचे चार दिवस जातात. ते चार दिवस द्या. रंगलेल्या पत्र्यावर कानस चालवताना काय वाटतं, ते मी मोनोग्रामच्या वेळी पाहिलंय.

व्हिंटेज नंबर हवा असेल तर

पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पूर्ण झालेल्या, खासगी वापराच्या गाडीला 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी घेता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं, पुढे नूतनीकरणाला 5,000. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या डिलाइट आता या रेषेच्या पलीकडे गेल्यात. तेव्हा दुसऱ्या गाडीचं इंजिन आणि डिस्क ब्रेक बसवून देतो म्हणणाऱ्या मेकॅनिकला हो म्हणण्याआधी आपल्याला पुढे काय हवंय ते ठरवा. मात्र या नोंदणीवर गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढंच.

आणि तो जुना तुकडा

नवा बसला म्हणून जुना टाकायचा नाही. माझ्याकडे बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे आहेत. प्रत्येक तुकड्याला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी: कुठून काढला, डावा की उजवा, नवा कुठून घेतला, बसवताना काय घासावं लागलं. मागच्या दिवाळीत सातारचे एक गृहस्थ क्वार्टर ग्लासच्या (दाराच्या कोपऱ्यातली छोटी काच) रबराचा नमुना शोधत घरी आले. मी डबा उघडला, त्यांनी इंचभर कापून नेला. महिन्याने त्यांनी साच्यातून काढलेल्या रबरांचा एक जोड मला कुरिअरने पाठवला. शाईचा शिक्का वहीत मारून पाहिला, तंतोतंत जुळला.